जोडलेल्या नियंत्रकांचा मेळ : दृश्य प्रोग्रॅमिंगच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रास्ताविक

महाराष्ट्रात घरोघरी ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो आणि हवेचे तापमान मात्र सेल्सिअसमध्ये सांगितले जाते. या दोन मापांचे परस्पर रूपांतर करणारी एक लहानशी आज्ञावली तयार करावयाची आहे असे समजू. पडद्यावर दोन चौकटी आहेत. कोणत्याही एका चौकटीत आकडा लिहिला की दुसऱ्या चौकटीतील आकडा आपोआप बदलावा, एवढीच अपेक्षा आहे. मागणी इतकी साधी आहे की ती पुरी करण्यात काही अडचण येईल अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात संगणकशास्त्राच्या इतिहासात या मागणीला गेल्या साठ वर्षांत अनेक उत्तरे दिली गेली आणि त्यांपैकी काही परस्परविरोधी आहेत.

पडद्यावरील बटण, चौकट, सरकपट्टी, तबकडी इत्यादी घटकांना संगणकाच्या परिभाषेत कंट्रोल म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांच्यासाठी ‘नियंत्रक’ हा शब्द योजला आहे. दोन नियंत्रक एकाच मूल्याशी जोडलेले असले म्हणजे पहिल्यातील बदल दुसऱ्याला कळवावा लागतो. दुसरा बदलला की तोही, आपण बदललो, असे पहिल्याला कळवतो. पहिला पुन्हा दुसऱ्याला कळवतो. हे चक्र कोठे थांबावे हे आकड्यांवर सोडले, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. वरील आज्ञावलीत अपूर्णांक सोडून देऊन फक्त पूर्णांक ठेवले आणि फॅरनहाइटच्या चौकटीत ९८ हा आकडा भरला असे धरू. सेल्सिअसमध्ये ३६ येतात. ३६ चे फॅरनहाइट ९६ होतात. ९६ चे सेल्सिअस ३५, आणि ३५ चे फॅरनहाइट ९५. ९५ चे सेल्सिअस पुन्हा ३५ च येत असल्याने येथे बदल थांबतो. रुग्णाचे तापमान म्हणून भरलेले ९८ डोळ्यांदेखत ९५ झालेले असते. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. संगणकाने कोठेही चूक दाखवलेली नाही. तरीही माणसाने भरलेली नोंद यंत्राने बदलून टाकली आहे.

यावरून असे दिसते की प्रश्नाचा गाभा मूल्य इकडून तिकडे वाहून नेण्यात नाही. ते मूल्य कोणी बदलले हे ओळखण्यात तो आहे. माणसाने केलेला बदल ही कृती होय आणि आज्ञावलीने त्यापाठोपाठ केलेला बदल हा त्या कृतीचा पडसाद होय. पडसादालाच कृती समजले की वरील घोटाळा होतो. हा भेद ओळखण्याचे काम साधन तयार करणाऱ्याने करावे की साधन वापरणाऱ्याने, हा या इतिहासातील खरा वाद आहे. दृश्य प्रोग्रॅमिंगच्या बाबतीत तो अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण ही साधने प्रामुख्याने व्यावसायिक प्रोग्रॅमर नसलेल्या लोकांसाठी, म्हणजे संगीतकार, अभियंते, लेखापाल आणि शिक्षक यांच्यासाठी पुढे आणली गेली.

निर्बंधांची कल्पना : स्केचपॅड आणि थिंगलॅब

इव्हान सदरलँड यांनी जानेवारी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेला ‘स्केचपॅड’ हा प्रबंध संगणकीय आरेखनाचा आरंभ मानला जातो. क्लॉड शॅनन हे त्यांचे मार्गदर्शक होते. लिंकन लॅबोरेटरीतील टीएक्स-२ या संगणकावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत होत्या, हे त्या कामाचे सर्वज्ञात अंग होय. त्याचे दुसरे अंग या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. दोन रेषा समांतर राहाव्यात, दोन भुजा समान असाव्यात अशी अट वापरणाऱ्याने घातली की ती पाळण्याची जबाबदारी संगणकाची होती. सदरलँड यांनी तिला निर्बंध म्हटले. शक्य असेल तेथे संगणक अटी एका विशिष्ट क्रमाने एकाच फेरीत पुऱ्या करी. तसा क्रम सापडला नाही तर तो प्रत्येक बिंदू थोडाथोडा हलवून एकूण चूक कमी करीत जाई. ‘अ’ बदलला म्हणून ‘ब’ बदला, अशी आज्ञा येथे कोठेच नव्हती. नाते सांगितले जाई, दिशा सांगितली जात नसे.

हा विचार नियंत्रकांपर्यंत आणण्याचे श्रेय अ‍ॅलन बॉर्निंग यांचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी त्यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात ‘थिंगलॅब’ ही प्रणाली रचली आणि १९७९ मध्ये प्रबंध पूर्ण केला. तिच्या उदाहरणांत सेल्सिअस-फॅरनहाइटची जोडी आहे. पुढील जवळजवळ प्रत्येक पिढीने स्वतःची परीक्षा पाहण्यासाठी हीच जोडी घेतली, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. लहान असूनही ती दोन्ही बाजूंनी बदलता येते आणि तिच्यात पूर्णांकन लपलेले असते. थिंगलॅबमधील प्रत्येक निर्बंधासोबत तो पुरा करण्याच्या एकाहून अधिक पद्धती दिलेल्या असत. सेल्सिअस बदलले तर एक पद्धत, फॅरनहाइट बदलले तर दुसरी. त्यांतील कोणती वापरावी हे प्रणाली ठरवी आणि ती पद्धत एकदाच चाले.

याच काळातील दुसरी मांडणी अध्यापकांना अधिक जवळची वाटेल. हॅरॉल्ड एबलसन आणि जेराल्ड सस्मन यांनी ज्यूली सस्मन यांच्या साह्याने लिहिलेल्या, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकात तापमानाचे हेच उदाहरण निर्बंधांच्या जाळ्याच्या रूपाने येते. त्यातील जोडणीबिंदूला नवे मूल्य मिळाले की तो ते आपल्याशी जोडलेल्या सर्व निर्बंधांना कळवतो, मात्र ज्याने ते मूल्य आणले त्याला वगळून. बातमी जिच्याकडून आली तिलाच ती परत सांगू नये, इतका हा साधा व्यवहार. तथापि तो पाळायचा तर प्रत्येक बातमीबरोबर ती आणणाऱ्याचे नावही द्यावे लागते. पुढील बहुतेक व्यापारी साधनांनी नेमके हेच नाव गाळले.

निर्बंधांच्या मार्गाचे पुढे काय झाले हेही येथेच सांगितले पाहिजे. अनेक अटी एकमेकींशी भांडू लागल्या तर कोणती सोडावी, यासाठी बॉर्निंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटींची उतरंड कल्पिली आणि १९९० मध्ये ‘डेल्टाब्लू’ ही गणनपद्धती प्रसिद्ध केली. सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती ती फारशी गेली नाही. २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझर आणला तेव्हा जावास्क्रिप्टचा वेग मोजण्याच्या चाचण्यांत डेल्टाब्लूचा समावेश होता. रोजच्या वापराचे साधन म्हणून घडलेली वस्तू तराजूतील वजन होऊन राहिली. निर्बंधांची हीच परंपरा २०११ मध्ये अ‍ॅपलच्या प्रणालीत परतली, परंतु ती पडद्यावरील घटकांची जागा ठरवण्यासाठी, त्यांतील मूल्यांचा मेळ घालण्यासाठी नव्हे.

मधला साक्षीदार

नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग १९७८-७९ मध्ये त्याच पालो अल्टो केंद्रात पाहुणे संशोधक होते. जहाजबांधणीच्या उद्योगासाठी संगणकीय प्रणाली रचण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मोठ्या प्रकल्पाची एकच माहिती अनेक लोकांना अनेक रूपांत पाहावी लागते, ही त्यांची मूळ अडचण. मे १९७९ मधील एका टिपणात आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील दुसऱ्या टिपणात त्यांनी जी विभागणी मांडली ती आज मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर या नावांनी संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पाठ असते, परंतु ती कोणत्या दुखण्यावरचा उपाय होती हे बहुधा सांगितले जात नाही.

या रचनेत दोन नियंत्रक एकमेकांशी बोलतच नाहीत. दोघेही मध्ये बसलेल्या मॉडेलकडे पाहतात. मॉडेल बदलले की ते आपल्या सर्व आश्रितांना ‘मी बदललो’ एवढेच कळवते आणि प्रत्येक आश्रित आपापले चित्र पुन्हा काढतो. चित्र काढणे व्ह्यूकडे आणि माणसाचा हात ओळखणे कंट्रोलरकडे, अशी वाटणी असल्यामुळे पुन्हा काढलेले चित्र कृती म्हणून गणले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कृती आणि पडसाद यांची इतकी स्वच्छ फारकत त्यानंतर क्वचितच झाली. मात्र तिची किंमत होती. मॉडेल हे चित्रातून जोडता येत नव्हते, ते स्मॉलटॉक भाषेत लिहावे लागे. ज्याला आज्ञावली लिहिता येते त्याच्यासाठी हा उपाय उत्तम होता. ज्याच्यासाठी दृश्य साधने पुढे निघणार होती त्याला तो दूरचा होता.

ओढलेली रेषा आणि उठलेली घटना

फ्रेंच संगणकतज्ज्ञ झाँ-मारी उलो यांनी घडवलेला ‘इंटरफेस बिल्डर’ १९८८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट संगणकाबरोबर लोकांसमोर आला. त्यात सरकपट्टीपासून चौकटीपर्यंत माउसने रेषा ओढायची आणि ‘याच्याकडून मूल्य घे’ अशा अर्थाचा संदेश यादीतून निवडायचा, की झाली जोडणी. उलट दिशेने दुसरी रेषा ओढली की दोघांचा मेळ पूर्ण होई. एकही ओळ लिहावी लागत नसे. आणि चक्रही सुरू होत नसे. याचे कारण त्या प्रणालीच्या एका अबोल नियमात आहे. माणसाने नियंत्रक हलवला तरच तो संदेश पाठवी. दुसऱ्या नियंत्रकाच्या सांगण्यावरून त्याचे मूल्य बदलले तर तो गप्प बसे. एवढ्या एका नियमाने पडसादाचा बंदोबस्त झाला आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

मायक्रोसॉफ्टने मे १९९१ मध्ये आणलेल्या व्हिज्युअल बेसिकने नेमका उलट नियम स्वीकारला. त्याच्या दृश्य भागाचे मूळ अ‍ॅलन कूपर यांच्या एका प्रकल्पात होते, तो कंपनीने १९८८ मध्ये विकत घेतला होता. हे साधन अफाट लोकप्रिय झाले. महाराष्ट्रातील संगणक अभ्यासक्रमांतूनही ते कित्येक वर्षे शिकवले गेले. त्यात चौकटीतील मजकूर बदलला की ‘चेंज’ नावाची घटना घडते, मग तो बदल कळफलकावरून झालेला असो की आज्ञावलीने केलेला असो. चेकबॉक्सचे मूल्य आज्ञावलीतून बदलले तर ‘क्लिक’ ही घटना घडते, म्हणजे कोणी क्लिक केलेलेच नसते. नावाने कृतीची ग्वाही द्यावी आणि आत पडसाद असावा, हा या साधनातील खरा दोष म्हणावा लागेल.

त्याचा परिणाम आरंभीच्या उदाहरणावर पाहावा. ‘चेंज’ ही घटना दर अक्षरागणिक घडते. ९८ लिहू पाहणाऱ्याने पहिला ९ दाबताच रूपांतर सुरू होते. अपूर्णांक नेहमी खालच्या पूर्णांकावर आणण्याचे ठरवले असेल तर ९ चे उणे १३, त्यांचे ८, पुढे उणे १४, ६, उणे १५ आणि शेवटी ५ असा प्रवास क्षणार्धात होतो. ८ ची कळ दाबण्यापूर्वीच चौकटीतील ९ चे ५ झालेले असतात. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतच अशा साखळीघटनांचा इशारा होता आणि एकमेकांना बदलणाऱ्या दोन चौकटी शक्यतो करू नयेत असा सल्लाही होता. ज्या साधनाचे आकर्षणच चौकटी मांडून जोडण्यात होते, त्याने दोन चौकटी जोडू नका असे सांगावे, यातील विसंगती लपण्यासारखी नाही.

प्रोग्रॅमरांनी यावर जो तोडगा काढला तो जगभर एकच होता. ‘सध्या मीच बदल करीत आहे’ असे सांगणारा एक खुणेचा चल ठेवायचा. बदल करण्यापूर्वी तो उभा करायचा, बदल झाल्यावर पाडायचा आणि तो उभा असेपर्यंत घटनांकडे दुर्लक्ष करायचे. मध्येच एखादी त्रुटी उद्भवून खूण उभीच राहिली तर मात्र दोन्ही चौकटी कायमच्या अबोल होतात, आणि असे का झाले हे पडद्यावरून मुळीच कळत नाही. पाठ्यपुस्तकातील जोडणीबिंदूला जे नाव ठाऊक होते ते येथे प्रत्येकाने हाताने आणि अर्धवट पुन्हा शोधले. पुढे डॉट नेट प्रणालीत, २००२ मध्ये, सरकपट्टीला दोन वेगवेगळ्या घटना दिलेल्या दिसतात. एक माणसाने पट्टी सरकवल्यावरच घडणारी, दुसरी मूल्य कोणत्याही कारणाने बदलल्यावर घडणारी. चूक उमगली होती असे यावरून म्हणता येते. चौकटीच्या बाबतीत ती तशीच राहिली.

संगीतशाळा आणि प्रयोगशाळा

दृश्य प्रोग्रॅमिंगचा सर्वांत कसदार वापर झाला तो कार्यालयांबाहेर. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मॅक्स’ ही प्रणाली रचली. फिलिप मानुरी यांच्या १९८८ मधील ‘प्लूटाँ’ या रचनेसाठी ती वापरली गेली. पडद्यावर लहान चौकटी मांडून त्या तारांनी जोडायच्या आणि तारांतून आकडे वाहू द्यायचे, अशी तिची रीत. येथे प्रत्येक चौकट आलेला आकडा लगेच पुढे पाठवते. म्हणून सरकपट्टी आणि अंकचौकट एकमेकींना तारांनी सरळ जोडल्या तर आकडा दोघींत फिरतच राहतो आणि प्रणाली साठ्याची मर्यादा ओलांडल्याचे सांगून थांबते.

पकेट यांचा उपाय एका शब्दाचा आहे. आकड्याच्या आधी ‘सेट’ हा शब्द जोडला की चौकट तो आकडा फक्त दाखवते, पुढे पाठवीत नाही. दोन्ही दिशांच्या तारांत हा शब्द घातला की मेळ जमतो. इंटरफेस बिल्डरने जो नियम पोटात ठेवला होता तो मॅक्सने संदेशातच उघड लिहिला. नवशिक्याला तो शिकावा लागतो ही अडचण खरी, पण एकदा शिकल्यावर चित्राकडे पाहूनच कळते की कोठे कृती वाहते आहे आणि कोठे नुसते दर्शन. दृश्य भाषेकडून यापेक्षा अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करता येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या मोटारयुक्त सरकपट्ट्यांनाही हाच पेच पडतो. संगणक पट्टी हलवतो आणि हललेली पट्टी संगणकाला कळवते. तेथे पट्टीच्या टोकाला स्पर्श ओळखणारी व्यवस्था करून बोट आणि मोटार यांतील फरक ओळखावा लागला.

मापनाच्या क्षेत्रात हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली. ते यंत्र दृश्य प्रोग्रॅमिंगने घडलेले नव्हते, परंतु टेक्सासमधील १९८६ च्या अपघातात जे घडले ते या विषयाला लागूनच आहे. चालकाने पडद्यावरील चुकीची नोंद झटपट दुरुस्त केली आणि पडद्यावर दुरुस्त नोंद दिसू लागली. पण यंत्रातील चुंबकांची मांडणी चालू असताना झालेली ती दुरुस्ती आज्ञावलीच्या दुसऱ्या भागापर्यंत पोहोचलीच नाही. दाखवलेले मूल्य आणि वापरलेले मूल्य यांची फारकत झाली होती.

त्याच १९८६ या वर्षी टेक्सासच्याच ऑस्टिन शहरातील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने मॅकिंटॉशसाठी ‘लॅबव्ह्यू’ आणले. जेफ कोडोस्की हे त्याचे प्रमुख रचनाकार. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही ते परिचित आहे. उपकरणाच्या दर्शनी फळीप्रमाणे त्यात पडद्यावर नियंत्रक आणि दर्शक असे दोन वेगळे वर्ग केलेले आहेत. नियंत्रकातून मूल्य निघते, दर्शकात ते पोहोचते. तार नेहमी एकाच दिशेची, आणि तारेचे निव्वळ वर्तुळ प्रणाली स्वीकारत नाही. त्यामुळे चक्राचा धोका मुळातच टळतो, पण दोन नियंत्रकांचा परस्पर मेळ तारेने घालताच येत नाही. खऱ्या उपकरणावर गुंडी आणि काटा वेगळेच असतात, हे त्यामागचे समर्थन. ज्यांना गुंडीच काट्याप्रमाणे फिरायला हवी होती त्यांनी स्थानिक चलांचा आधार घेतला. असे चल तारांच्या क्रमाला बांधील नसल्याने कोणते मूल्य आधी लिहिले जाईल याची शाश्वती राहिली नाही.

पुढे लॅबव्ह्यूत घटनांची सोय आली तेव्हा तिच्या रचनाकारांनी दोन्ही परंपरा पारखून घेतलेल्या दिसतात. वापरणाऱ्याने मूल्य बदलले तर घटना घडते. आज्ञावलीने स्थानिक चलातून किंवा ‘व्हॅल्यू’ या गुणधर्मातून बदलले तर घडत नाही. आज्ञावलीच्या बदलानेही घटना घडावी असे हवे असेल तर ‘व्हॅल्यू सिग्नलिंग’ नावाचा वेगळा गुणधर्म मुद्दाम निवडावा लागतो. व्हिज्युअल बेसिकमध्ये जे न मागता मिळे ते येथे नाव घेऊन मागावे लागते.

वेबवरील पुनरावृत्ती

ब्राउझरच्या मूळ रचनेत जावास्क्रिप्टने चौकटीचे मूल्य बदलले तर बदलाची घटना घडत नाही. या बाबतीत वेबने व्हिज्युअल बेसिकऐवजी नेक्स्टचा पक्ष घेतला. त्यावर उभारलेल्या साधनांनी मात्र जुना वाद पुन्हा खेळून पाहिला. गूगलच्या अँग्युलरजेएसने २०१० नंतर दुहेरी बांधणी लोकप्रिय केली. बदल थांबेपर्यंत फेऱ्या घ्यायच्या आणि दहा फेऱ्यांनंतरही थांबला नाही तर काम सोडून द्यायचे, असा तिचा नियम होता. दहा या आकड्यामागे कोणताही सिद्धांत नव्हता. या साधनाचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला.

फेसबुकने मे २०१३ मध्ये खुल्या केलेल्या रिअ‍ॅक्टने मूल्याचा प्रवाह एकाच दिशेचा ठेवला. नियंत्रक स्वतःचे मूल्य बाळगत नाही, वरच्या घटकाने दिलेले दाखवतो आणि माणसाची कृती तेवढी वर कळवतो. रीन्सकाउग यांच्या टिपणांशी त्याचे नाते उघड आहे. रिअ‍ॅक्टच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२३ पूर्वीच्या आवृत्तीत हे समजावण्यासाठी निवडलेले उदाहरण पुन्हा सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचेच होते. त्यात दोन्ही तापमाने साठवलेली नाहीत. शेवटी कोणत्या चौकटीत लिहिले गेले आणि काय लिहिले गेले, एवढ्याच दोन गोष्टी साठवलेल्या आहेत, आणि लिहिलेला मजकूर जसाच्या तसा. दुसऱ्या चौकटीतील आकडा दर वेळी त्यावरून काढला जातो, तीन दशांश स्थळांपर्यंत. फॅरनहाइटमध्ये ९८ लिहिले तर सेल्सिअसमध्ये ३६.६६७ दिसते, आणि ९८ ला कोणी हात लावीत नाही.